कर्जफेडीच्या नोंदी, अमळनेर: जून २०२३ ते नोव्हेंबर २०२५

१ जून २०२३

घरावरची सगळी देणी आज एका पानावर उतरवली.

फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, बाकी १,१२,०००. व्याज २१ टक्के, हप्ता ५,४००.
पतसंस्थेचं कर्ज ७०,०००. व्याज १४ टक्के, हप्ता २,९००. जामीनदार ह्यांच्याच जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यातले.
गल्लीतल्या एका गृहस्थांकडून व्याजाने घेतलेले ४०,०००. महिना तीन टक्के, म्हणजे दरमहा १,२०० फक्त व्याज. मुद्दल तसंच.
मोबाइल अॅपवरचं कर्ज, बाकी १८,०००. हप्ता ३,६००.
किराणा उधारी १४,५००.
पारोळ्याच्या दादाकडून हातउसने ३०,०००, बिनव्याजी.

एकूण २,८४,५००. दर महिन्याला हप्ते आणि व्याज मिळून १३,१०० जातात.

हे जिनिंगमध्ये फिटर आहेत. दिवाळीपासून एप्रिलपर्यंत कापसाचा सीझन, तेव्हा पगार २०,०००. उरलेले सहा महिने ते मोटार रिवाइंडिंगची, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळायची कामं करतात, १३,००० पर्यंत मिळतात. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्याचे सहा-सात हजार. म्हणजे सीझनला २७,००० आणि पावसाळ्यात १९,०००. घर स्वतःचं आहे, भाडं नाही. रेशनकार्ड केशरी आहे, पण प्राधान्य यादीत नाव नाही, त्यामुळे धान्य विकतच.

हिशेब मांडल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. पावसाळ्यात १९,००० मधून १३,१०० गेले की पाच माणसांच्या घराला ५,९०० उरतात. तेवढ्यात भागत नाही, म्हणून दर जून ते ऑक्टोबर नवीन उधारी होते, आणि सीझनचा पगार ती फेडण्यात जातो. नणंदेचं लग्न आणि सासऱ्यांचं आजारपण हे कर्ज सुरू व्हायचं कारण होतं. ते वाढत राहिलं ते या पावसाळ्याच्या खोटीमुळे. चहा-साखर कमी करून ही खोट भरणार नाही.

३ जून २०२३

एक देणं यादीत राहिलं होतं: भिशी. माझा नंबर आधीच लागला आणि पैसे खर्च झाले. डिसेंबरपर्यंत महिना हजार भरायचेच आहेत, म्हणजे ७,००० देणं. एकूण २,९१,५००. भिशी उचललेली असेल तर ती बचतीत धरू नका, कर्जात लिहा.

सासूबाईंना आजच सगळं सांगितलं. हे टाळत होते. त्या म्हणाल्या, "जे शे ते सांगी टाक." ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, यातलं सगळ्यात महाग कोणतं? यादी रकमेप्रमाणे लावली होती. त्यांच्या प्रश्नावरून ती व्याजदराप्रमाणे पुन्हा लावली. अॅप आणि तीन टक्केवाले वर आले, पर्सनल लोन तिसरं.

९ जून २०२३

माझी माहेरची चेन आणि कर्णफुलं, मिळून १५ ग्रॅम, बँकेत तारण ठेवली. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या (२०२३) नियमाप्रमाणे सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं. आम्ही ५८,००० उचलले, जेवढी गरज तेवढेच. व्याज ९ टक्के, म्हणजे महिन्याला ४३५.

घरात यावर वाद झाला. ह्यांचं म्हणणं, सोनं विकून टाकू आणि मोकळे होऊ. माझं म्हणणं, विकलं की घडणावळ बुडते, पुन्हा घ्यायची ऐपत कधी येईल सांगता येत नाही, आणि ९ टक्क्यांच्या पैशाने ३६ टक्क्यांचं देणं मिटत असेल तर विकायची गरज काय? शेवटी तारण ठरलं. मूल्यांकन फी कर्जातून कापली जाते, ती आधी विचारून घ्यावी. मुदत एक वर्षाची आहे. तोवर मुद्दल फेडायचं, नाहीतर नूतनीकरण.

१२ जून २०२३

अॅपचे १८,००० भरून खातं बंद केलं. या अॅपने फोनमधले सगळे नंबर उचलले होते आणि हप्ता चुकल्यावर माझ्या भावजयीला रात्री नऊ वाजता फोन केला होता. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नातेवाइकांना त्रास देणंही नियमात बसत नाही. तसं लेखी कळवल्यावर फोन थांबले. पैसे भरल्यावर 'कर्ज शिल्लक नाही' असा दाखला ईमेलवर मागून घेतला, मगच अॅप काढलं. आधी अॅप काढून टाकलं तर दाखला मिळवताना फार हेलपाटे पडतात, शेजारच्या एकीचं तसंच झालं.

१५ जून २०२३

तीन टक्केवाल्यांकडे ४०,००० घेऊन गेलो. ते म्हणाले, मुदतीआधी फेडता आहात, तीन महिन्यांचं जास्तीचं व्याज द्या. आमचा सही केलेला कोरा चेक त्यांच्याकडे होता, म्हणून हे गप्प होते. तिथून तसेच परत आलो.

मग गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, शेतकऱ्याकडून तर १२ च्या वर नाही. परवाना नसेल तर व्यवहारच बेकायदेशीर. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करता येते. गुरुजी आमच्यासोबत आले. आवाज न चढवता त्यांनी परवाना क्रमांक तेवढा विचारला. त्यावर ४०,००० मध्ये व्यवहार मिटला, चेक आणि स्टॅम्पपेपर परत मिळाला. चेक तिथेच फाडला. आतापर्यंत दिलेल्या व्याजाचा विषय आम्ही सोडून दिला. भांडत बसलो असतो तर कदाचित काही मिळालं असतं, पण त्याच गल्लीत राहायचं आहे.

आता महिन्याला जातात ५,४००, २,९०० आणि ४३५. म्हणजे ८,७३५. भिशीचे हजार वेगळे. पूर्वीच्या १३,१०० पेक्षा ४,३६५ कमी, आणि अजून घरातल्या एका घासालाही हात लावलेला नाही.

२ जुलै २०२३

स्कूटर विकली, २४,००० आले. ह्यांची मोटारसायकल ठेवली. हे आता धरणगावच्या जिनिंगला रेल्वेने जातील, सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर मिळते आणि महिन्याचा पास दोनशेच्या आत आहे. रात्रपाळीला गाडीची वेळ जुळत नाही, तेव्हा मोटारसायकलला पर्याय नाही.

२४,००० मधले १०,००० त्याच दिवशी किराणा दुकानदाराला दिले. दुकानासमोरून जाताना मान खाली जायची, ती आता वर झाली. शाळेचे ६,००० भरले.

२० ऑगस्ट २०२३

स्वयंपाकघरातला खर्च आवळण्याचा पहिला प्रयोग फसला. दूध निम्मं केलं, भाजी आठवड्यातून दोनदाच, तेलाचं माप बांधलं. मुलं अर्धपोटी उठायची आणि संध्याकाळी वडापावला पैसे मागायची. सासूबाईंना अशक्तपणा आला. महिन्याअखेरीस बाहेरच्या खाण्याचा हिशेब धरला तर बचत जवळजवळ शून्य.

म्हणून दूध पुन्हा पूर्ववत. ताटातलं कमी करण्याऐवजी ताटच बदललं. कळण्याची भाकरी, उडदाच्या डाळीचं घुटं, ठेचा, डुबुकवड्यांची आमटी, आणि भरताची वांगी स्वस्त झाली की भरीत. लहानपणी आमच्या घरी हेच होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याने पोट धरतं, दोन भाकरींवर मुलगा उठतो. पॅकेटचे मसाले, बिस्किटं, नूडल्स हळूहळू आपोआप कमी झाले, बंदी घालावी लागली नाही.

ऑगस्ट पूर्ण कोरडा चालला आहे. कपाशी वाचवायला शेतकरी विहिरीवरच्या मोटारी मिळेल त्या विजेवर चालवतात, कमी दाबाने त्या जळतात आणि ह्यांच्याकडे येतात. या महिन्यात चार हजार जास्त आले. ते वहीत लिहिताना हात जड झाला. ज्यांच्या मोटारी जळाल्या त्यांचं वर्ष जळतंय. दोन ओळखीच्या शेतकऱ्यांचे पैसे कापूस विकल्यावर घ्यायचे ठरवले आहेत.

१८ सप्टेंबर २०२३

सासूबाईंना ताप आला, दवाखाना आणि औषधं मिळून ६,२०० गेले. स्कूटरचे पैसे संपले. किराणा पुन्हा उधारीवर, २,३००.

मला इथे काय कळलं ते या वाटेने जाणाऱ्यांसाठी लिहिते. हातात रक्कम आली की ती सगळी कर्जात घालू नये. किराणा दुकानदार व्याज लावत नव्हता, त्याला महिना दीड हजार चालले असते. ते १०,००० बाजूला असते तर ताप आला तेव्हा नवीन देणं झालं नसतं. आता ठरलं की सीझन सुरू झाला की आधी पावसाळ्याचा डबा भरायचा, मग कर्ज. किमान १२,०००, वेगळ्या खात्यात, ज्या खात्याचं कार्ड आणि यूपीआय घेतलेलं नाही.

खातं कुठे काढायचं यावरही बोलणं झालं. पतसंस्था दोन टक्के जास्त देते. पण जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या तेव्हा माझ्या आईची ठेव अडकली होती, ती अजून पूर्ण मिळालेली नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पोस्टात खातं काढलं.

३० डिसेंबर २०२३

भिशी संपली. पुन्हा धरली नाही, मैत्रिणी नाराज आहेत. किराणा उधारी मागच्या आठवड्यात शून्यावर आली.

जिनिंग यंदा एकाच पाळीत चालते आहे. भाव सात हजारांच्या आसपास अडकलाय, शेतकरी कापूस घरात भरून ठेवतायत. ओव्हरटाइम धरला होता, तो नाही. सोन्याच्या कर्जात जायचे पैसे त्यामुळे मागे पडले.

२८ मार्च २०२४

वर्षाचं धान्य भरलं. या एका कामाने जेवढी शांतता मिळाली तेवढी दुसऱ्या कशाने नाही, म्हणून सविस्तर.

मागच्या ऑगस्टमध्ये स्वस्त मिळतात म्हणून दुकानातून गव्हाची पोती घेतली होती. ओलसर हवेत महिनाभरात कीड लागली, चाळून निवडून बरंच फेकावं लागलं. गहू भरायचा तर मार्च-एप्रिलमध्येच, कडक उन्हाच्या आधाराने. यंदा थेट शेतकऱ्याकडून घेतलं. लोकवन गहू तीन क्विंटल, २,९०० च्या भावाने ८,७००. दादर ज्वारी दीड क्विंटल, ३,६०० ने ५,४००. एकूण १४,१००. दुकानात वर्षभर किलो-किलोने घेतलं असतं तर चारेक हजार जास्त गेले असते.

गहू दोन उन्हं दाखवून गार होऊ दिला. गरम धान्य कोठीत भरलं तर आत घाम सुटतो. गव्हाला एरंडेल चोळलं, क्विंटलला साधारण पाऊण लिटर. ज्वारीत कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घातला. पत्र्याची कोठी ह्यांनी आतून घासून रंगवली, बुडाशी विटा. लाल मिरची नंदुरबारहून नणंदेने पाठवली, तिथल्या पथारीवर वाळलेली. वर्षाचा काळा मसाला त्यातच झाला.

एवढी रक्कम एकदम आणणं हाच यातला अवघड भाग. नोव्हेंबरपासून पगाराच्या दिवशीच धान्याचे पैसे वेगळे काढत गेले. ते काढले नसते तर हे धान्य कर्ज काढूनच भरावं लागलं असतं, आणि मग स्वस्ताई कसली.

१२ मे २०२४

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. सांजोऱ्या केल्या, आमरस केला, झोका बांधला. सणाला कात्री लावली नाही, कपड्यांना लावली.

आहेराचा प्रश्न मात्र कठीण. एप्रिल-मेमध्ये पत्रिकांचा ढीग येतो आणि प्रत्येक ठिकाणी साडी म्हणजे हप्त्याएवढा खर्च. यंदा जवळच्या लग्नांत मी नवरीचे ब्लाउज शिवून दिले, आरीकाम करून. बाजारात त्याला जेवढी शिलाई पडते ती आहेरापेक्षा कमी नाही. बहुतेकांना आवडलं. एका घरी मात्र "साडी नाही आणली?" असं चारचौघांत विचारलं गेलं. ह्यांना ते लागलं. मी त्यांना वहीतलं पहिलं पान उघडून दाखवलं, आणि पुढच्या लग्नालाही ब्लाउजच नेला.

विजेचं बिल वाढलंय. अमळनेरचा मे कूलरशिवाय निघत नाही, आणि १०० युनिटच्या पुढचा दर खालच्यापेक्षा जवळपास दुप्पट आहे. कूलर बंद ठेवायचा प्रयत्न केला नाही, सासूबाईंचं वय बघता करणारही नाही. कूलरच्या जाळ्यांतला वाळा बदलला, मोटर ह्यांनी गुंडाळली. माझी इस्त्री दिवसातून सारखी तापायची, आता सगळे ब्लाउज एकदम करते.

८ जून २०२४

सोन्याच्या कर्जात २०,००० भरले, ३८,००० चं नूतनीकरण. ओव्हरटाइम मिळाला असता तर आणखी दहा कमी झाले असते. पावसाळ्याच्या डब्यात १२,००० आहेत, त्यातून शाळेचे भरले.

२५ ऑगस्ट २०२४

गल्लीत सगळ्यांच्या खात्यात लाडक्या बहिणीचे तीन हजार आले. शेजारणी म्हणाल्या, फॉर्म भर, कोण बघतंय. आमचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर जातं, अट त्याच्या आतली आहे. भरला नाही.

उन्हाळ्यात जास्तीचे बिबडे, कुरडया, पापड केले होते, ते पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांमार्फत विकले गेले. खर्च वजा जाता ५,००० राहिले. ज्वारी भिजवणं, कुटणं, पहाटे उठून थापणं, यात मे महिना शिवणाचं काम मागे पडलं, ते धरलं तर फायदा निम्माच. पुढच्या वर्षी फक्त बिबडे, त्यांनाच खरी मागणी आहे.

३१ ऑक्टोबर २०२४

उधारी न करता पावसाळा निघाला. दुकानदाराच्या वहीत आमचं पान कोरं आहे. लग्न झाल्यापासून असा पहिलाच पावसाळा.

२६ जानेवारी २०२५

पर्सनल लोनचे सहा हप्ते उरले. हातात थोडे पैसे होते, ह्यांना वाटलं एकदम भरून टाकू. फायनान्सच्या ऑफिसातून आकडे मागवले. आज बंद करायला ३०,४९० आणि त्यावर चार टक्के मुदतपूर्व शुल्क, शुल्कावर जीएसटी, म्हणजे आणखी १,४४० च्या आसपास. हप्ते चालू ठेवले तर एकूण ३२,४०० जातील. फरक फक्त ४७०. शेवटच्या हप्त्यांमध्ये व्याज थोडंच उरलेलं असतं, बहुतेक व्याज कंपनीने आधीच घेतलेलं असतं. हे पैसे सोन्याच्या कर्जात भरले. ज्यांचं कर्ज नवीन आहे त्यांनी हाच हिशेब करून पाहावा, त्यांचं उत्तर वेगळं येईल. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जाला मुदतपूर्व शुल्क लावता येत नाही, आमचं स्थिर दराचं होतं.

२५ एप्रिल २०२५

सोनं सोडवलं.

याच आठवड्यात जळगावच्या सराफ बाजारात तोळा लाखाला टेकला. तारण ठेवलं तेव्हा साठ हजारांच्या आसपास होता. तेव्हा विकलं नाही हे बरं झालं, पण भाव वाढणार हे आम्हाला ठाऊक होतं असं कुणी समजू नये. तो उतरलाही असता. तारणाचा निर्णय व्याजाच्या फरकावर घेतला होता आणि भाव वाढला नसता तरी तो बरोबर होता.

बँकेत साहेबांनी सांगितलं, याच सोन्यावर आता जवळजवळ दुप्पट मिळेल, ठेवूनच द्या, वर रक्कम उचला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. जिनिंगजवळ गाळा घेऊन रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं त्यांच्या मनात बरेच दिवस आहे. दुकान टाकूच, पण दादाचे पैसे फिटल्यावर आणि साठवलेल्या पैशातून. सोनं घेऊन घरी आलो. चेन आता आखाजीला घालेन.

७ जुलै २०२५

पर्सनल लोनचा शेवटचा हप्ता गेला. दाखला मागितला, पंधरवड्यात येईल म्हणाले.

२४ ऑगस्ट २०२५

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढला. ही नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्या, म्हणजे सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. पैसे भरायची गरज नाही. पर्सनल लोन बंद दिसतंय. अॅपचं कर्ज मात्र अजून चालू दिसत होतं, दोन वर्षांपूर्वी फेडलेलं. जपून ठेवलेला दाखला जोडून तक्रार टाकली.

दादाला पहिले ६,००० दिले. पैसे मोजून घेताना त्याला अवघडल्यासारखं झालं, "घाई काय आहे?" म्हणाला. त्याच्या कपाशीवर यंदा बराच खर्च झालाय हे वहिनीकडून कळलं होतं, म्हणून घाई.

३० सप्टेंबर २०२५

दादाला ६,०००. रिपोर्टमधलं अॅपचं कर्ज बंद म्हणून दुरुस्त झालं.

१६ ऑक्टोबर २०२५

पतसंस्थेचं कर्ज संपलं. जामीनदारांना घरी जेवायला बोलावलं, शेवभाजी आणि भाकरी. एकही हप्ता उशिरा गेला नाही तो त्यांच्या पगाराला धक्का लागू नये म्हणूनच. कर्ज देताना शेअर्सपोटी ३,५०० कापले होते, ते परत मिळण्यासाठी लेखी अर्ज दिला. संचालक मंडळाच्या बैठकीनंतर मिळतील. हे पैसे मागावे लागतात, आपणहून कुणी देत नाही. दादाला दिवाळीमुळे ४,०००.

२९ नोव्हेंबर २०२५

जिनिंग दोन पाळ्यांत सुरू आहे. दादाला ८,००० दिले, उरले ६,०००, ते डिसेंबरच्या पगारातून. पावसाळ्याच्या डब्यात या महिन्यात २,०००, धान्याच्या पैशांत २,५००. गाळ्याचं भाडं विचारून आलो, महिना २,२०० आणि सहा महिन्यांचं डिपॉझिट, १३,२००. जूनपर्यंत जमतील असा अंदाज आहे.